डिप्रेशन आलंय, भात झाका

ता. मुरबाड,
मार्गशीर्ष, थंडी भरपूर

तीर्थस्वरूप भागीरथीताईस,

बारकूचा साष्टांग नमस्कार. (हा साष्टांग कागदावरच मानून घे. प्रत्यक्ष घालायचा तर त्यात गुडघेही येतात आणि माझे गुडघे सध्या कोणाचंच ऐकत नाहीत.) तुझी तब्येत कशी आहे, जेवण जातं का, झोप लागते का, तिकडे आटगावला थंडी कितपत, हे सगळं मी फोनवरच विचारणार होतो. पण तू फोन उचलत नाहीस. आधी वाटलं रेंज नसेल, मग वाटलं चार्जिंग नसेल, मग वाटलं माझ्यावर रागावली असशील, म्हणून मनातल्या मनात तुझ्याशी थोडं भांडूनही घेतलं. शेवटी तुझ्या सुनेला फोन लावला. नम्रता म्हणाली, "मामा, फोन आईंच्या उशाशीच वाजतो. त्या नुसत्या त्याच्याकडं बघत ऱ्हातात. दिवाळीपासून ओटीवर पन आल्या नायत." म्हणून हे पत्र. पत्र वाजत नाही आणि "हॅलो, ऐकू येतंय का" असंही विचारत नाही. ते उघडायचं तेवढं काम आहे, आणि तेही नम्रता करील.

इकडची खुशाली म्हणशील तर ती नाही. "आम्ही सर्व मजेत" असं लिहायची आपल्यात पद्धत आहे, ती मी या पत्रापासून बंद केली आहे. तुझी भावजय गीता मजेत आहे, गाय मजेत आहे, चिरंजीव आदेश आपल्या कल्याणच्या फ्लॅटमध्ये मजेत आहे. मी नाही. दिवाळीचा आकाशकंदील उतरवून माळ्यावर टाकला की त्याच्याबरोबर मलाही कोणीतरी वर टाकतं आणि शिमगा येईपर्यंत मी काही खाली येत नाही. नोकरीत होतो तोवर हे कळलं नाही. मुरबाड स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीत बसून दिवसभर लाउडस्पीकरवर गाड्या पुकारायच्या. माणूस दुसऱ्यांसाठी ओरडत असला की त्याला स्वतःचं काही ऐकू येत नाही. निवृत्त झालो, भोंगा बंद झाला, आणि आतला आवाज स्वच्छ ऐकू यायला लागला. तो फार काही चांगलं बोलत नाही.

आपल्याकडे या प्रकाराला एकच शब्द आहे : करमत नाय. म्हैस मेली तरी करमत नाय, मुलगी सासरी गेली तरी करमत नाय, आणि काहीही झालेलं नसलं तरी करमत नाय. पहिल्या दोन्हींना लोक घरी येऊन बसतात, चहा पितात. तिसऱ्याला म्हणतात, जरा कामाला लाग.

यंदा हद्द झाली. एका सकाळी गीताने विचारलं, चहात आलं टाकू का? आणि मला ठरवताच येईना. ज्या माणसाने हयातभर कुठली गाडी कुठल्या फलाटाला लावायची हे तोंडातला घास गिळता गिळता ठरवलं, त्याला आल्याच्या तुकड्याचा निर्णय होईना, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ही घाबरली. (चहा आलं टाकूनच झाला. रडणाऱ्याला आलं बाधत नाही, असं तिने परस्पर ठरवलं.) मग उपाय सुरू झाले. हिने मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. मोहऱ्या तडतडल्या, म्हणजे नजर होती आणि निघाली. तरी मला बरं वाटेना, तेव्हा मोहऱ्या जुन्या होत्या असा निकाल लागला. आदेशने मोबाइलवर एक ॲप घालून दिलं. त्यातली बाई रोज सकाळी मला सांगायची की आजचा दिवस सुंदर आहे. तिला तिकडे बसून हे कसं कळतं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. शेजारचा लडकू कुंपणाच्या भांडणापासून माझ्याशी बोलत नाही, म्हणून त्याने मला ऐकू जाईल अशा बेताने आपल्या बैलाला सांगितलं की काही मानसांना पेन्शन मिळते म्हनून थंडी वाजते, तुला नाय मिळत तर चल नांगराला.

शेवटी ही मला मुरबाडला एका डॉक्टरीण बाईंकडे घेऊन गेली. बाई वयाने आपल्या आदेशएवढ्या, पण ऐकून घेतात. त्यांनी विचारलं, कशात मन लागतं? मी म्हटलं, कशातच नाही, हीच तर तक्रार आहे. मग त्या म्हणाल्या, काका, हे डिप्रेशन आहे. काही लोकांना ते थंडीतच येतं, दिवस लहान होतो, ऊन कमी मिळतं, त्याचा परिणाम होतो. हा आळस नाही, आजार आहे आणि बरा होतो. ताई, काय सांगू, आजार आहे हे ऐकून मला जो आनंद झाला तो आदेश दहावी झाला तेव्हाही झाला नव्हता. इतकी वर्षं जी गाडी पाटीशिवाय फिरत होती तिला पाटी लागली. पाटी असलेली गाडी निदान पुकारता तरी येते. बाईंनी गोळ्या दिल्या, सकाळचं ऊन अंगावर घ्या म्हणाल्या, आणि साखर थोडी वर आहे तेव्हा भात कमी करा, असंही जाता जाता सांगितलं. पुढचा गोंधळ या शेवटच्या वाक्याने पक्का झाला. त्यात बाईंचा काही दोष नाही.

परत येताना जीपमध्ये वरच्या आळीची जिवली शेजारी होती. तिने हिला विचारलं, "काय गो गीता, काय बोलली डॉक्टरीण?"

"डिप्रेशन बोलली."

"अगो बाय! कवा?"

"आलंच हाय बोलली. दिवाळीपासून तयार होत होतं. आता थंडीभर ऱ्हानार."

"आनि भाताचं?"

"भात कमी करा बोलली."

आता तू शेतकऱ्याच्या घरात आहेस, तुला निराळं सांगायला नको. गेली काही वर्षं ऐन कापणी-मळणीत अवकाळी पाऊस येतो, आणि येण्याआधी टीव्हीवरची मुलगी हसत हसत सांगते की समुद्रात डिप्रेशन तयार झालं आहे. आपल्या भागात या शब्दाचा अर्थ एकच आहे : खळ्यावरचं भात झाका. जिवलीच्या तोंडचं पाणी पळालं. भात कमी करा म्हणजे खळ्यावरचं लवकर उचला, असं तिने धरलं. जीपवाला प्रणित एका हाताने गाडी चालवतो आणि दुसऱ्या हाताने जगाशी संबंध ठेवतो. त्याने लगेच पुढच्या गावांना कळवून टाकलं. आणि ताई, मी त्याच जीपमध्ये होतो. पुढच्या सीटवर होतो. मला सगळं ऐकू येत होतं, पण बायका माझ्याच आजाराचं बोलतायत असं वाटलं. "अहो, हे माझं चाललंय" एवढं म्हटलं असतं तर तालुका वाचला असता. पण तोंड उघडण्याचा कंटाळा आला. मला वाटलं, बोलून काय होणार आहे? हाच तर आजार. पण हे लोकांना नंतर समजावणं फार अवघड गेलं.

गावात पोचलो तर जिकडेतिकडे पळापळ. आभाळ निळंभोर होतं, पण हल्ली आभाळावर विश्वास कोण ठेवतो? शिवाय बातमी "कंट्रोलरांच्या घरून" आलेली. (मी पुकारलेली गाडी उशिरा आली असेल, पण पुकारली आणि आलीच नाही, असं कधी झालेलं नाही. ही अब्रू मी नोकरीभर सांभाळली आणि एका जीपमध्ये घालवली.) मळणीचं मशीन गावाबाहेरूनच परत पाठवलं. कापून रचलेल्या भाताच्या उडव्यांवर ताडपत्र्या पडल्या, त्या संपल्यावर खताच्या फाडलेल्या गोण्या पडल्या, मग कोणाच्या तरी लग्नासाठी आणलेलं मांडवाचं कापड पडलं, आणि शेवटी मागच्या निवडणुकीचे फ्लेक्स बाहेर निघाले. सगळ्या पक्षांचे पुढारी हात जोडून आमच्या भातावर आडवे झाले. ते गावाच्या उपयोगी पडल्याची ही पहिलीच वेळ, असं लोक म्हणतात. (मी म्हणत नाही. मला शेजाऱ्यांबरोबर राहायचं आहे.)

आणि आता हसू नकोस. ती पळापळ बघून मी गीताला विचारलं, काय झालं? ती म्हणाली, लोक बोलतात डिप्रेशन आलंय. मी म्हटलं, बघ, संकटं येतात ती अशी एकावर एक! माझं आणि समुद्राचं एकाच दिवशी! आणि ताई, ज्याला सकाळी अंथरुणातून उठवत नव्हतं तो तुझा भाऊ शिडी लावून उडवीवर चढला. दोऱ्या आवळल्या, दगड बांधले, लडकूच्या उडवीवरची ताडपत्री वाऱ्याने उलटत होती ती न बोलता खाली ओढून दिली. (त्यानेही न बोलता दोरीचं दुसरं टोक धरलं.) घामाघूम होऊन घरी आलो, पोटभर जेवलो आणि ठार झोपलो. दिवाळीनंतर पहिल्यांदा. माझ्यावरचा उपाय माझ्याच आजाराच्या अफवेतून निघाला, हे डॉक्टरीण बाईंनाही सुचलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ऊन असं कडक पडलं की ताडपत्र्यांखालून वाफ निघायला लागली. झाकलेलं भात घामेजतं. लोक आधी आभाळाकडे बघत राहिले, मग एकमेकांकडे, आणि मग चौकशी सुरू झाली : पयला कोन बोलला? याला त्याने सांगितलं, त्याला अमक्याने, असं करत करत सगळे प्रणितकडे आले, प्रणितने जिवलीकडे बोट दाखवलं, जिवलीने आमच्या घराकडे. मी ओटीवर आल्याचा चहा पीत होतो तेव्हा सगळं गाव अंगणात उभं. पुढे लडकू. परत गेलेलं मशीन त्याच्याच खळ्यावर यायचं होतं, त्यामुळे त्याने भांडण बाजूला ठेवून बैलाऐवजी थेट मलाच विचारलं, "कंट्रोलर, कुठं हाय तुमचं डिप्रेशन?"

गीता पुढे झाली. "मी वाऱ्यापावसाचं कवा बोलली? मी यांचं बोलली!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता अशा वेळी सभ्य माणूस काय करतो? "जरा अशक्तपणा आहे" म्हणतो. "बीपी लो आहे" म्हणतो. आपल्या तालुक्यात बीपीला मान आहे, शुगरला तर फारच आहे, लग्नाच्या पंगतीत लोक एकमेकांच्या शुगरची चौकशी करतात. मलाही ते सुचलं होतं. पण मग वाटलं, का? चोरी केली आहे का? मी उभा राहिलो आणि स्टँडवरच्या आवाजात, शेवटच्या फलाटापर्यंत जाईल असं, पुकारलं : डिप्रेशन समुद्रात नाही. डिप्रेशन मला आहे.

लडकूने डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. "तुमाला? म्हंजे... आतमधी?"

"आतमध्ये."

"मग पाऊस?"

"कधी कधी पडतो."

तो ओटीच्या पायरीपर्यंत आला. मग म्हणाला, "मंग ते झाकायचं कशानी?" ताई, हा प्रश्न त्याने माझी थट्टा म्हणून विचारला नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मागून जिवली बोलली, "मला पन येतंय ते. धनी गेल्यापासून. दर थंडीला. मी कोनाला बोलली नाय, लोक बोलतील भूत लागलंय." मग आणखी एक जण खाकरला. मग कोणीतरी म्हणालं, चला, भात उघडा आधी, सडंल. आणि सगळे निघून गेले. मला शिव्या पडल्या नाहीत. मळणी आठवडाभर लांबली, तरी पडल्या नाहीत. उलट आता गावात कोणाचं तोंड उतरलेलं दिसलं की विचारतात, काय रे, कमी दाबाचा पट्टा काय? आणि तो माणूस हो म्हणतो. इतकी वर्षं "करमत नाय" म्हणून जे दाराआड कुढत होतं, ते हवामानाच्या बातम्यांसारखं चारचौघांत बोललं जातंय. कोणी हसतात. हसू देत. आभाळालाही लोक नावं ठेवतात, म्हणून आभाळ काही तोंड लपवत नाही.

आमच्या घरावर डोंगराची सावली असते, ऊन उशिरा येतं. सकाळचं पहिलं ऊन पडतं ते लडकूच्या खळ्यावर. दोन दिवसांनी त्याने बैलाला सांगितलं की ज्यांना ऊन पायजे त्यांनी इकडं बसावं, खुर्ची मातर आपली आनावी. तेव्हापासून माझी खुर्ची रोज सकाळी त्याच्या खळ्यावर असते. गोळ्या वेळेवर घेतो. उन्हात फेऱ्या मारतो. दाढी करतो.

बातमी कल्याणला पोचली तेव्हा आदेश गाडी घेऊन आला. म्हणाला, बाबा, थंडीभर तिकडेच चला, सगळ्या गावाला कशाला सांगत बसलात, लोक काय म्हणतील? त्याला माझी काळजी आहे, हे मला कळतं. पण मी त्याला सांगितलं की तुझ्या फ्लॅटच्या खिडकीतून समोरच्या फ्लॅटचा पडदा दिसतो, आणि तोही दुपारपर्यंत ओढलेला असतो. हिवाळा तिकडेही येतो, फक्त तिकडे तो कुठून आला ते दिसत नाही. इथे मला तो डोंगरावरून उतरताना दिसतो. समोरून येतो आहे तर समोरच बसून बघू. आणि लोक काय म्हणतील ते म्हणून झालं आहे. मी लपणार नाही, पळणार नाही, आणि "मजेत आहे" असंही म्हणणार नाही. शिमग्यापर्यंत त्याचा काय तो कारभार चालेल, पण तो पाहुण्यासारखा चालेल. मालक मी आहे.

आता तुझं. तू मोठी आहेस, तुला सांगण्याचा मला अधिकार नाही, पण आज मी उद्धट आहे, वाचून घे. आपल्या लहानपणी भात घरात आलं, कामं सरली, की तू भिंतीकडे तोंड करून निजायचीस. आई म्हणायची, पोरगी आळशी आहे, सासरी कशी नांदणार. तू नांदलीस. दर थंडीत आतून विझून नांदलीस आणि कोणाला कळू दिलं नाहीस. भावजींना नाही, मुलांना नाही, मला नाही. डॉक्टरीण बाई बोलत होत्या तेव्हा मी माझ्याबद्दल ऐकत होतो, पण डोळ्यांपुढे ती भिंत होती. ताई, आई चुकत होती. आई देवाघरी आहे, तिच्याविषयी असं लिहू नये, पण मी हे वाक्य खोडणार नाही. तू आळशी नव्हतीस. आताही नाहीस.

मी तुला काही कर म्हणून सांगत नाही. फोन उचल असंही म्हणत नाही. फक्त एवढं कळवायचं होतं. नम्रताला आशीर्वाद, तिचे आभारही. ती मला सगळं सांगते म्हणून तिच्यावर चिडू नकोस. गीताचा तुला नमस्कार.

तुझा धाकटा, पण आता न ऐकणारा,
बारकू

ता. क. : कर म्हणून सांगत नाही असं वर लिहिलं, ते शिष्टाचार म्हणून. डॉक्टरीण बाईंना मी तुझ्याविषयी सांगून आलो आहे. त्या म्हणाल्या, घेऊन या. रविवारी आदेश गाडी घेऊन तुझ्या दारात येईल. त्याला नाही म्हणून बघ, तो माझ्यावर गेला आहे. (जीपने आम्हा दोघांना कुठेही न्यायचं नाही, असं प्रणितने स्वतःच जाहीर केलं आहे.)

ता. क. दुसरा : गोळ्या घेतो ते खरं आहे. दाढी कालच केली, तुला पत्र लिहायचं म्हणून. खुर्ची रोज सकाळी लडकूच्या खळ्यावर असते तेही खरं, पण ती गीता नेऊन ठेवते. मी खुर्चीवर दोनदाच बसलो. बाकीच्या दिवशी लडकू रिकाम्या खुर्चीशी बोलतो आणि ऊन सरकलं की ती कुंपणावरून परत देतो. हे पत्रही अंथरुणातच लिहिलं आहे, म्हणून अक्षर असं.

ता. क. शेवटचा : रविवारी कपडे जास्त घेऊन ये. डॉक्टर झाल्यावर परत जायचं नाही, शिमग्यापर्यंत इथेच राहायचं. मला एकट्याने उठवत नाही, ताई. तुलाही उठवत नाही, हे मला ठाऊक आहे. पण तू इथे निजलेली असलीस तर तुला उठवायला तरी मला उठावं लागेल.